सदतिसावा फोटो

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे आणि माझ्या अंगात अजून कुंकू आहे. हसू नका! खरं सांगतोय. माझ्या गोल बटणाच्या फटीत डोकावून बघा, लाल दिसेल. फक्त मला असं दोरीला धरून लोंबकळवू नका, गरगरतं मला. आता ड्रॉवर उपसता उपसता तुम्हाला सापडलोच आहे, तर नीट टेबलावर ठेवा आणि ऐका. मला आयुष्यात जे धक्के बसलेत ना, ते आठवले की अजून माझं भिंग आत जातं. आणि एक धक्का तर मी स्वतः दिलाय. त्याचं काही मला वाईट वाटत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुली हातात पांढरे मोजे घालून, श्वास रोखून माझे स्क्रू बसवायच्या. धुळीचा एक कण चालायचा नाही. अशा लाडात वाढलेला मी, दोन हजार सहा साली नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात येऊन पडलो. साहेबांनी माझ्यात एक कार्ड घातलं, मला चकचकीत कागदात गुंडाळलं आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट कामगार म्हणून मनोजच्या हातात दिलं. टाळ्या काय वाजल्या, विचारू नका! मला वाटलं त्या माझ्यासाठीच आहेत.

मनोज तिथे फिटर होता. मूळचा सुरगाण्याकडचा, डोंगरातला. आयटीआय करून शहरात आला आणि पंचवटीत एका खोलीत बायकोबरोबर, सविताबरोबर राहू लागला. माझ्याबरोबर एक माहितीपुस्तक आलं होतं, इंग्रजी. मनोजने दोन पानं वाचली, तिसऱ्या पानाला जांभई दिली. सविताने ते पुस्तक डब्यांच्या फळीवर अंथरलं. त्याच्या अकराव्या पानावर काय लिहिलं होतं, ते मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. माझ्या कुशीला एक छोटं झाकण आहे. त्याच्या आत पोस्टाच्या तिकिटाएवढं काळं कार्ड असतं. फोटो सगळे त्या कार्डात राहतात. पाठीवरचा पडदा म्हणजे नुसती खिडकी. एवढंसं वाक्य! पण त्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते अकरावं पान तांदळाच्या डब्याखाली गेलं.

सुरुवातीची दोन वर्षं माझी चैन होती. बारसं असो, साखरपुडा असो, शेजाऱ्याची नवी मोटरसायकल असो, हाक मलाच. फोटो काढला की सगळे माझ्या पाठीवर डोकी आपटत बघायला यायचे. कागदावर मात्र एकही फोटो निघाला नाही. दिवाळीला काढू, म्हणायचे. दिवाळी आली की संक्रांतीला काढू.

मनोजची आई फुलाबाई. दर वर्षी द्राक्षांच्या हंगामात ती आणि मनोजचे वडील, बुधा, डोंगरातून खाली वणी-दिंडोरीच्या बागांवर कामाला यायचे. त्या वर्षी काम संपल्यावर दोघं चार दिवस खोलीवर राहायला आले. फुलाबाईला फोटोचं वावडं. समोरचा एक दात पडलेला, म्हणून कुणी रोखून बघितलं की हात तोंडावर. तिचा म्हणून एकच फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात ती कोण आणि तिच्या मागची भिंत कोण हे ओळखायला येत नव्हतं.

त्या दिवशी ती दारात द्राक्षांचा घड घेऊन बसली होती. मनोजने मला रोखलं. तिचा हात तोंडावर. मनोज म्हणाला, "एक... दोन..." आणि मुद्दाम थांबला. वाट बघून बघून ती वैतागली. हात खाली घेऊन ओरडली, "काढ ना रं एकदाचा, मेल्या!" आणि स्वतःच्याच ओरडण्याला हसली. मी तेवढ्यात डोळा मिटला. दात पडलेला, द्राक्षाचा रस हनुवटीवर, हसू कानापर्यंत. तो माझ्यातला सदतिसावा फोटो. मी इतके फोटो काढले, पण एवढा चांगला पुन्हा जमला नाही.

पुढच्या वर्षी आषाढात फुलाबाई तापाने गेली. चार दिवसांत. मला तर कळलंच नाही. एके दिवशी मनोजने मला कपाटातून काढलं, सदतिसाव्या फोटोवर आणून ठेवलं आणि तो नुसता बघत बसला, तेव्हा मला कळलं.

मग बुधा म्हाताऱ्याचा एक नेम सुरू झाला. महिन्यातून एकदा जीपमध्ये दाटीवाटीने बसून, पुढे एसटी पकडून तो नाशकात यायचा. चहा घ्यायचा. मग भिंतीला टेकून म्हणायचा, "दाव." मनोज मला चालू करायचा. म्हातारा मला दोन्ही हातांत धरायचा आणि बघत राहायचा. थोड्या वेळाने स्वतःच म्हणायचा, "बंद कर, बॅटरी जाईल." एवढ्यासाठी एवढा प्रवास. आणि तेवढ्यावर तो महिनाभर काढायचा.

आता दसऱ्याचं ऐका. हातपाय गार पडतात माझे. नाहीत मला हातपाय, पण पडतात.

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पाटावर लाल कापड घातलं होतं. त्यावर मनोजचे पाने, पक्कड, पटाशी, सविताची शिलाई मशीनची कात्री आणि विळी. बुधा आदल्या दिवशीच आला होता. त्याने गावाकडून एक भला मोठा नारळ आणला होता, खास. म्हणाला, "कॅमेरा बी ठेव. समद्यात मोठं काम त्याचंच हाय."

मला झेंडूची फुलं मिळणार म्हणून मी खूश! म्हाताऱ्याने मला पालथा ठेवला, भिंग खाली, पडदा वर. सविता म्हणाली, "बाबा, ती पाठ आहे त्याची."

"जिथं फुला दिसती, तेच त्याचं त्वांड," बुधा म्हणाला, आणि पडद्याच्या मधोमध त्याने हळद-कुंकू लावलं. थोडं कुंकू बटणाच्या फटीत गेलं. मी तक्रार केली नाही.

मग त्याने नारळ हातात घेतला. नारळ दाराबाहेर पायरीवर फोडायचा, हे सगळ्या जगाला माहीत. पण म्हाताऱ्याला वाटलं, मानाचा नारळ, तो यंत्राच्या समोरच फुटला पाहिजे. त्याने पाटाशेजारी वरवंटा मांडला आणि सगळ्या ताकदीने नारळ आपटला. नारळ फुटला. अर्धं भकल उसळलं आणि धाडकन माझ्या पडद्यावर!

बाप रे बाप! आधी आवाज झाला, मग काळोख. माझ्या पडद्याला आरपार तडे गेले, आणि आत शाई सांडावी तसा काळा डाग पसरत गेला. वरून नारळाचं पाणी. मनोजने झेप घालून मला उचललं, पुसलं, बटण दाबलं. माझं भिंग बाहेर आलं, दिवा लागला, मी जिवंत होतो हो! पण पडद्यावर काही दिसेना. त्याने दहा वेळा बटण दाबलं. मग वडिलांकडे वळून तो जे बोलला, ते ऐकून मी त्या नारळाला विसरलो.

"बा, तू आईला दुसऱ्यांदा मारलंस!"

सविताने तोंडावर हात ठेवला. बुधा उकिडवा बसला होता, तसाच राहिला. हातात राहिलेलं दुसरं भकल त्याने हळूच पाटावर ठेवलं. मी आतून ओरडत होतो, अरे बाबांनो, ती सुखरूप आहे, माझ्या कुशीत आहे, झाकण उघडा! पण कॅमेऱ्याचं कोण ऐकतं?

संध्याकाळी सगळी चाळ एकमेकांना आपट्याची पानं देत होती. मनोजनेही एक पान शर्टाच्या खिशात घातलं. वडिलांना दसऱ्याचं सोनं देऊन पाया पडायचं असतं. तो दारापर्यंत गेला. म्हातारा ओट्यावर पाठमोरा बसला होता. मनोज थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला. पान खिशातच राहिलं. सणाच्या दिवशी बाप-लेकांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मनोजने कारखान्यात रजा टाकली आणि मला त्याच खिशात घालून महात्मा गांधी रोडवर नेलं. एका बोळात वाल्मीक नावाचा माणूस घड्याळं, टेप, कॅमेरे दुरुस्त करायचा. त्याने मला उलटसुलट केलं.

"नवा घ्या राव. पडद्याच्या भावात अजून थोडे घातले की नवा येतो."

"नवा नको. हाच पाहिजे."

"का बरं?"

सांग की रे, आईचा फोटो आहे म्हणून सांग! मी वाल्मीकच्या हातात तडफडत होतो. सांगितलं असतंस तर त्या वाल्मीकने तिथल्या तिथे माझी कूस उघडून कार्ड दाखवलं असतं. पण परक्या माणसासमोर आईचं नाव काढणं मनोजला जमलं नाही. त्याने नुसती मान हलवली. वाल्मीक भला माणूस होता. त्याने खोक्यातून माझाच एक जुळा भाऊ काढला. वाळू जाऊन भिंग अडकलं होतं त्याचं, पण पडदा शाबूत होता.

"न्या हे डबडं. तुम्ही फिटर आहात, घरी बसवाल. एक ध्यानात ठेवा. सेल काढले तरी फ्लॅशमध्ये करंट साठलेला असतो. आधी बल्ब टेकवून तो उतरवा."

मनोज उसनं हसला. "चारशे चाळीस व्होल्टच्या मशिनीत हात घालतो मी. ह्याच्यात काय, दोन पेन्सिल सेल."

बघून घेऊ, मी म्हटलं.

दुपारी जमिनीवर पांढरं फडकं पसरून त्याने काम मांडलं. खरं सांगायचं तर हात त्याचा सफाईदार होता. निघालेला प्रत्येक स्क्रू तो चिकटपट्टीवर ओळीने लावत होता, कुठला कुठून आला ते कळावं म्हणून. फुटलेला पडदा, काचेचे कण, सगळं आदल्या दिवशीच्या पूजेतून उरलेल्या फुलांच्या ताटात टाकत होता. माझी कड उचकटताना माझं कुशीचं झाकण उघडलं आणि माझं कार्ड टुणकन उडून त्या ताटात पडलं. झेंडूच्या पाकळ्यांत! मनोजचं लक्ष नव्हतं. मी हबकलो. अरे, तीच तर फुलाबाई! उचल तिला!

तेवढ्यात त्याचं बोट फ्लॅशच्या तारेला लागलं.

फाट्! मनोज किंचाळून भिंतीवर आदळला. स्क्रूड्रायव्हर पलंगाखाली गेला. सविता चुलीपाशी दूध टाकून धावत आली. "अहो, काय झालं? बोला ना!" मनोज हात झटकत, डोळे फाडून माझ्याकडे बघत होता. दोन पेन्सिल सेल म्हणे!

बुधा सकाळपासून कोपऱ्यात बसून होता. पहिल्यांदा त्याचा आवाज आला. "तिनंच दिला. कालचं तुझं बोलनं तिला पटलं नाय."

कुणी हसलं नाही. मनोजने मान खाली घातली. मग उठून त्याने बल्ब शोधला, वायर लावली, वाल्मीकने सांगितलं तसा करंट उतरवला आणि पुन्हा कामाला बसला. भावाचा पडदा हलक्या हाताने काढला. त्याची पातळ पट्टी माझ्या खोबणीत घातली, तीनदा निसटली, चौथ्यांदा बसली. वरची बारीक कडी नखाने दाबली. या सगळ्यात त्याने मान वर केली नाही. बुधा कधी उठला, ताटातलं सगळं त्याने आपल्या रुमालात कधी बांधलं, हे फक्त मी पाहिलं. जाताना तो सविताला एवढंच म्हणाला, "गंगेवर जाऊन येतो." नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. निर्माल्य सोडायला चालले असतील, सविताला वाटलं.

सगळे स्क्रू लागले. सेल घातले. बटण दाबलं. मित्रांनो, माझा पडदा लख्ख उजळला! समोर सविताचा चेहरा, मागे डबे, सगळं स्वच्छ दिसू लागलं. सविताने टाळी वाजवली. मनोजने हात पुसले आणि फोटो बघायचं बटण दाबलं.

पडद्यावर एक ओळ आली. फोटो नाहीत.

त्याने पुन्हा दाबलं. फोटो नाहीत. "गेले," तो म्हणाला. "मीच घालवले. बा नाही, मीच घालवले." तो मला हातात धरून खालीच बसला. इतका भांबावलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सविता मात्र काहीतरी आठवत होती. "अहो, त्या शेजारच्या साक्षीच्या मोबाइलमध्ये गाण्यांचं कार्ड असतं बघा, काळं, चपटं. तसलं काहीतरी मगाशी त्या ताटात पडलेलं दिसलं मला. मला वाटलं फुटकं प्लास्टिक."

मनोजने झडप घालून ताट बघितलं. ताट रिकामं. एक पाकळी नाही.

"ताटातलं कुठं गेलं?"

सविता दाराकडे बघत म्हणाली, "बाबा घेऊन गेले. गंगेत सोडायला. तास होऊन गेला."

मनोजने मला खिशात कोंबलं आणि पायात चप्पल न घालता तो धावत सुटला. खिशात मी आणि ते आपट्याचं पान एकमेकांवर आपटत होतो. रिक्षा, टांगे, भाजीच्या गाड्या, कुणाकुणाला धडकला, कुणी शिव्या दिल्या. मी एकच हिशोब करत होतो. पाण्यात पडलं असेल तर संपलं. कार्ड एवढंसं, नदी केवढी!

घाटावर आषाढात जिथे त्यांनी फुलाबाईची राख सोडली होती, त्याच पायरीवर बुधा बसला होता. पाय पाण्यात. मूठ छातीशी. मुठीत रुमालाची गाठ.

"बा!" मनोजने धापा टाकत विचारलं. "सोडलंस?"

म्हाताऱ्याने वळून पाहिलं नाही. "तूच तं म्हनलास, दुसऱ्यांदा मेली. मंग दुसऱ्यांदा सोडाया नको? म्हनून आलो. फुटलेलं घरात ठेवू नाय." मग मुठीकडे बघून म्हणाला, "मागल्या टायमाला सोडली. या टायमाला मूठ उघडंना, मनोज. लय येळ झाला, उघडंनाच."

मी यंत्र आहे, मला रडता येत नाही. पण मनोज तिथे पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. वडिलांची मूठ त्याने दोन्ही हातांत धरली आणि एकेक बोट सोडवलं. रुमालात झेंडूच्या पाकळ्या होत्या, काचा होत्या, फुटका पडदा होता, आणि त्याच्या खाली माझं कार्ड होतं. त्याच्यावर हळद-कुंकू चिकटलं होतं. मनोजने ते सदऱ्याच्या टोकाने पुसलं, माझ्या कुशीत बसवलं आणि बटण दाबलं.

दात पडलेला, द्राक्षाचा रस हनुवटीवर, हसू कानापर्यंत.

बुधा दचकून मागेच सरकला. तो म्हणाला, "ही हितं कशी? ती तं फुटली व्हती." मनोजने सांगितलं, "ती फुटली नव्हती बा. पडदा फुटला होता. ती आत होती." म्हाताऱ्याने पडद्यावर बोट ठेवलं, अगदी कुंकू लावलं होतं तिथेच. त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते मला ऐकू आलं, पण ते मी सांगणार नाही, ते त्या दोघांचं आहे.

मनोजने खिशातून ते पान काढलं. एका दिवसातच सुकून दुमडलं होतं, एक कड तुटली होती. "सोनं घे बा," म्हणून त्याने ते वडिलांच्या हातावर ठेवलं आणि ओल्या पायरीवर डोकं टेकलं. म्हाताऱ्याने पान टोपीत खोवलं. माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि सवयीने म्हणाला, "बंद कर, बॅटरी जाईल."

"जाऊ दे," मनोज म्हणाला. "आज जाऊ दे, बा."

सेल संपेपर्यंत ते दोघं तिथे बसले होते.

दुसऱ्याच दिवशी फुलाबाई कागदावर आली. दोन प्रती काढल्या, एक पंचवटीत, एक सुरगाण्याला. तरीही बुधा दर महिन्याला येत राहिला, कारण कागदावरची फुला दिवा लागल्यासारखी उजळत नाही म्हणे. दर दसऱ्याला माझी पूजा झाली, नारळ मात्र दाराबाहेर पायरीवर. त्या झटक्यानंतर माझा फ्लॅश कधी चालला नाही. मग फोनमध्ये कॅमेरे आले आणि मी या ड्रॉवरमध्ये आलो.

मित्रांनो, फोटो कागदावर काढून ठेवा, दिवाळीची वाट बघू नका. यंत्र खुशाल उघडा, पण आधी ज्याला कळतं त्याचं ऐका. आणि माझ्यावर हे बटण दिसतंय का, कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं? ते दाबलं की नको असलेला फोटो पुसला जातो. मनोज त्या दसऱ्याला जे वाक्य बोलला, ते त्याला आजवर पुसता आलेलं नाही. बुधा विसरलो म्हणायचा. मनोज विसरला नाही. तुम्हीही कुणाला रागात असलं काही बोलून आला असाल, तर मला आधी ड्रॉवरमध्ये ठेवा आणि तिकडे जा. माझं काय, मी इथेच आहे.